मोजणाऱ्याची जागा

आमच्या इमारतीच्या जिन्याला कठडा आहे, हे क्वाबेनासाहेब राहायला येईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बहारीनमध्ये, गुदैबियातली ती जुनी इमारत. लिफ्ट होती, पण ती बहुतेक वेळ तळमजल्यावर विश्रांती घेत असायची, त्यामुळे आम्ही तिसऱ्या मजल्यावर एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन धापा टाकत चढायचो. एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरून भारदस्त आवाज आला, "मॅडम, हात." मी दचकून हाताकडे बघितलं. हात जागेवर होता. "कठड्यावर," आवाज म्हणाला. मी निमूटपणे मोबाइल पिशवीत टाकला आणि कठडा धरून वर गेले. दार लावल्यावर मला राग आला. पण तोवर ऐकून तर बसले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं की ते आमच्याच कंपनीत नव्याने आलेले सेफ्टी ऑफिसर. कंपनी बांधकामाची, मी तिथे अकाउंट्समध्ये. क्वाबेनासाहेब घानाचे, कुमासी शहराजवळच्या एका गावचे. पन्नाशी ओलांडलेली, उंच, पोट जरा पुढे, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा आणि साइटवरच्या धुळीतही बूट लखलखीत. चालणं असं संथ, की त्यांच्या मागे चालणाऱ्याची बस हमखास चुकायची. तोंडात सतत "देवाच्या कृपेने". म्हणजे "देवाच्या कृपेने तुमच्या हेल्मेटचा पट्टा सुटलाय" किंवा "देवाच्या कृपेने तुम्ही आग विझवण्याच्या नळकांड्यासमोर खुर्ची टाकून बसलात". देवाला यात काय वाटत असेल ते असो, पण खुर्ची हलायची.

त्यांना नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे सटकायची सोय नव्हती. ते थांबायचे, आपल्यालाही थांबवायचे आणि घरातल्या एकेकाची चौकशी करायचे. नवरा कसा आहे, त्याची पाठ कशी आहे, गावी आई कशी आहे, आईचे गुडघे कसे आहेत. एकदा बोलता बोलता मी सांगून बसले की सातारकडे आमच्या आईची एक म्हैस आहे. त्या दिवसापासून गुडघ्यांनंतर म्हशीचा नंबर लागला. "आणि म्हैस?" अगदी गंभीरपणे. म्हैस व्याली तेव्हा मी सहज सांगितलं, तर यांनी साइटवरच्या सकाळच्या सेफ्टीच्या भाषणात ती बातमी दोनशे कामगारांना दिली.

त्या भाषणांची हिंदी हा एक स्वतंत्र विषय आहे. कामगारांच्या खोल्यांमध्ये त्यांनी हार घातलेले फोटो पाहिले होते आणि ते कुणाचे हे विचारून घेतलं होतं. त्यावरून त्यांनी आपलं घोषवाक्य तयार केलं, "जल्दी आदमी, फोटो आदमी." मचाणावर कुणी घाईने चढताना दिसला की खालून हा गजर. केरळचे, बिहारचे, कोकणातले, सगळे ते वाक्य एकमेकांना ऐकवायचे. जेवणाच्या रांगेत कुणी घुसला तरी "ए फोटो आदमी".

आमचे जनरल मॅनेजर फार तापट. त्यांच्या केबिनला फोन जोडतानासुद्धा ऑपरेटर आधी पाणी पिऊन घ्यायची. एकदा ते साइट ऑफिसच्या लोखंडी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आले. वर क्वाबेनासाहेब उभे. त्यांनी जीएमसाहेबांच्या घरच्यांची रीतसर चौकशी केली आणि म्हणाले, "सर, आता देवाच्या कृपेने खाली जा आणि कठडा धरून परत या." जीएमसाहेब हसले. क्वाबेनासाहेब हसले नाहीत. आम्ही सगळ्यांनी कॉम्प्युटरमध्ये डोकी घातली. थोडा वेळ गेला आणि मग बूट खाली उतरल्याचा आवाज आला, आणि मग तेच बूट सावकाश वर येत असल्याचा. त्यानंतर साहेब घरीसुद्धा कठडा धरून चढतात, असं त्यांचा रत्नागिरीचा ड्रायव्हर शपथेवर सांगायचा.

आणखी एक खोड म्हणजे मोजण्याची. आगीचा सराव असला की भर उन्हात सगळं ऑफिस पार्किंगमध्ये उभं करायचं आणि माणसं मोजायची. मोजताना ते पहिला हात स्वतःच्या छातीवर ठेवायचे. "वन." मग आम्ही. मी एकदा विचारलं, स्वतःपासून का? ते म्हणाले, "अकोसुआ, मोजणारा सगळ्यांना मोजतो आणि स्वतःला विसरतो. मग आत राहतो तोच, आणि बाहेर कुणाला पत्ता नसतो."

अकोसुआ म्हणजे मी. त्यांच्याकडे जन्मवारावरून नाव असतं. ते स्वतः मंगळवारचे म्हणून क्वाबेना. मी रविवारची निघाले म्हणून अकोसुआ. माझा नवरा संदेश कुडाळचा, एका हॉटेलात इलेक्ट्रिकल सुपरवायझर. त्याने आईला फोन करून वार विचारला, बुधवार निघाला, आणि तो क्वाकू झाला. त्याला ते नाव फारसं आवडलं नाही. पण इमारतीतल्या पोरांना फार आवडलं, त्यामुळे इलाज राहिला नाही.

मग साथ आली.

सगळ्यांच्या आधी जागे झाले ते क्वाबेनासाहेब. रंगाच्या मोठ्या बादलीला तळाशी नळ बसवून त्यांनी ती इमारतीच्या दाराशी स्टुलावर ठेवली. खाली टब, बाजूला दोरीने बांधलेला साबण. त्यांच्या देशात म्हणे शाळेशाळेत, दवाखान्यादवाखान्यात अशी बादली असते. शेजारच्या देशांमध्ये मागे एक भयंकर ताप येऊन गेला होता, तेव्हापासून तर जास्तच. "आम्ही गरीब आहोत, पण हात धुवायला शिकलोय," ते म्हणाले आणि वॉचमनला बादलीवर नेमलं. जीएमसाहेबांना जिना उतरायला लावणाऱ्या माणसापुढे आमची काय कथा. सगळे हात धुऊन वर जायला लागलो.

त्यांना जड गेलं ते हस्तांदोलन सोडणं. घानाची तऱ्हा अशी, की हात मिळवून झाल्यावर सोडताना दोघांनी एकमेकांच्या बोटांनी मिळून चुटकी वाजवायची. त्यांनी ती अख्ख्या ऑफिसला शिकवली होती. आता ते लांबूनच आपल्या वाटणीची चुटकी हवेत वाजवायचे आणि समोरच्याने त्याची वाजवेपर्यंत वाट बघत उभे राहायचे.

दर रविवारी रात्री त्यांच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष टीव्हीवरून बोलायचे. क्वाबेनासाहेब ते भाषण मोबाइलवर मोठ्या आवाजात लावायचे आणि उभं राहून ऐकायचे. जमिनीतून सगळं वर यायचं. त्यामुळे आम्हाला बहारीनपेक्षा घानाचे नियम आधी कळायला लागले. सरहद्दी बंद झाल्या. राजधानी आणि कुमासी घरात बसली. शाळा बंद, चर्चसुद्धा बंद. चर्च बंद झालं तेव्हा खालून नुसता "हं" ऐकू आला. मग एका रविवारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी जिन्यात मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "मयती बंद केल्या, अकोसुआ. फक्त पुरायचं. पंचवीस माणसांत."

मला त्यात खुर्चीत बसण्यासारखं काही दिसेना. आमच्याकडेही तेच चाललं होतं. मग त्यांनी बादलीशी उभं राहून समजावून सांगितलं. तिकडे मयत म्हणजे गावाची जत्रा. माणूस गेला की महिनोन् महिने तयारी. त्याच्या फोटोची भली मोठी पोस्टरं, नवं कापड, बँड, जेवणं, नाच. त्यांची आई कुमासीच्या बाजारात कापड विकायची आणि आयुष्यभर तिने एकही शनिवार मयतीशिवाय घालवला नव्हता. ओळख नसली तरी जायची, कारण तिथे गेल्यावर ओळख होते, असं तिचं म्हणणं. "तिच्या मयतीला सगळं कुमासी यायचं आहे," ते अभिमानाने म्हणाले. आई तेव्हा धडधाकट होती, हे सांगायला हवं. फक्त एका बाईला येऊ द्यायचं नाही, असं तिने मुलाला बजावून ठेवलं होतं. शेजारच्या गाळ्यावरची टोमॅटोवाली. दोघींचं छत्रीच्या सावलीवरून चाळीस वर्षं भांडण. छत्री टोमॅटोवालीची, सावली मात्र दुपारनंतर कापडांवर पडायची, आणि ती हक्काची की उपकाराची हे काही ठरत नव्हतं.

त्याच सुमारास शवपेटी खांद्यावर घेऊन नाचणाऱ्या घानाच्या माणसांचा व्हिडिओ जगभर फिरायला लागला. आमच्या ऑफिसातल्या यच्चयावत माणसाने तो क्वाबेनासाहेबांना पाठवला. जणू त्यांनी तो पाहिलाच नसेल. ते प्रत्येकाला एकच उत्तर पाठवायचे, "देवाच्या कृपेने, डावीकडून दुसऱ्याच्या बुटाची नाडी सुटली आहे."

माझे तेव्हा दिवस भरत आले होते. आई यायची होती. डिंक, अळीव, खारीक सगळं बांधून तयार, आणि विमानंच बंद झाली. मी दोन दिवस रडले. शेवटी दवाखान्यात माझ्या उशाशी आई होती, पण फोनमध्ये. केरळच्या नर्सने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. आई सातारहून सांगायची, "तिला कुशीवर घ्या," आणि मराठीचं अक्षर कळत नसताना ती नर्स मला कुशीवर घ्यायची. मुलगा झाला. वार शुक्रवार. आम्ही घरी पोचेपर्यंत इमारतीत त्याचं नाव कोफी ठरून गेलं होतं.

बारसं घरातच करायचं ठरवलं. पाचपेक्षा जास्त माणसं जमवायची नाहीत असा नियम होता. मी, संदेश, बाळ, वरच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी आणि त्यांची मुलगी. झाले पाच. आत्या कुडाळला. ती फोनवरून बाळाच्या कानात कुर्रर्र करणार होती. इतक्यात क्वाबेनासाहेब आले. हातात बाळाला दुपटं, अंगावर इस्त्रीचा शर्ट. दारातून आत येऊन त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मोजायला सुरुवात केली.

संदेशने मला हळूच विचारलं, "फोनावरची आत्या धरूची काय?" मग त्याने तेच हिंदीत त्यांना विचारलं.

क्वाबेनासाहेबांनी यावर बराच विचार केला. "फोनवरचा माणूस जागा घेत नाही, श्वासही घेत नाही," ते म्हणाले. "नियमात बसत नाही. धरायचा नाही."

पुढे मोजलं. सहा झाले. वहिनींच्या मुलीचं तोंड एवढंसं झालं, कारण बाहेर जायची पाळी आपलीच येणार हे तिने ओळखलं. पण क्वाबेनासाहेब स्वतःच मागे सरकले, दाराबाहेर गेले आणि चपलांच्या स्टँडशेजारी उभे राहिले. "चालू करा," म्हणाले. सबंध बारसं ते तिथून टाळ्या वाजवत होते. आत्याने कुडाळहून जे कुर्रर्र केलं त्याने बाळ दचकून रडायला लागलं, तेही त्यांना फार आवडलं. मग त्यांनी बाहेरूनच आम्हाला त्यांच्याकडची रीत करायला लावली. बाळाच्या जिभेला बोटाने पाण्याचा थेंब लावायचा आणि सांगायचं, पाणी असेल तर पाणीच म्हण. खरं बोल, इतकंच. घुगऱ्यांचा कागदाचा पुडा त्यांनी पॅसेजमध्ये उभ्या उभ्या संपवला. पत्रिकेप्रमाणे मुलाचं नाव आम्ही अनिरुद्ध ठेवलं, पण ते आता फक्त त्याच्या रेसिडेंट कार्डावर आहे. सातारला त्याची आजीसुद्धा फोन आला की विचारते, "कोफ्या काय करतोय?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खालच्या घरातून पायांचा आवाज यायचा थांबला. संदेश बघायला गेला. क्वाबेनासाहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. आई गेली होती. साथीने नाही, झोपेतच, म्हातारपणाने.

आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं की तोंडातून दुसरा प्रश्न एकच निघतो. संदेशच्या तोंडूनही निघाला. "सर, कब ले जाएंगे?"

"देवाच्या कृपेने, डिसेंबरमध्ये," क्वाबेनासाहेब म्हणाले.

संदेश वर आला तो पाट मांडल्यासारखा जमिनीवरच बसला. "अगो, डिसेंबरात," एवढंच म्हणाला. मी आईला फोन केला. आईला तर ते पटेचना. "आन् तवर कुठं ठिवणार?" मी म्हटलं, शवागारात. फ्रीजमध्ये. आईने आधी "अगं बाई!" केलं. मग म्हणाली, "त्याच्या घरी चूल पेटली नसंल. पिठलंभात दे."

मी पिठलंभात दिला. आमच्या रीतीने साधा, फोडणी बेताची, तोंड न उघडता द्यायचा आणि निघून यायचं. क्वाबेनासाहेबांनी तो आवडीने खाल्ला, डबा धुऊन परत आणला आणि पिठल्याला तिखट कमी पडलं असं सुचवलं. खाली तर सुतक कुठे दिसेचना. फोनवर फोन चालले होते. पोस्टरवर कोणता फोटो घ्यायचा, कापड काळं-पांढरं की काळं-लाल. आई भरपूर जगून गेली म्हणून काळं-पांढरं ठरलं. आम्ही आपले दबक्या पावलांनी जिना उतरायचो आणि ते आतून बोलवायचे, "अकोसुआ, बँड एक सांगू की दोन?" चौदाव्या दिवशी माझी आई म्हणाली गोड करून द्या, म्हणून मी शिरा करून नेला आणि म्हटलं, आता दुःख संपवायचं, गोड खायचं. ते शिऱ्याकडे बघत राहिले. "पण अजून सुरू कुठे केलंय?" त्यांनी विचारलं. शिरा मात्र खाल्ला.

ऑफिसातून ते नाचाचे व्हिडिओ येतच होते. पाठवणाऱ्यांना माहीत नव्हतं, काहींना माहीत असूनही भान नव्हतं. मी चिडून एकेकाला झापायला निघाले, तर क्वाबेनासाहेबांनीच अडवलं. "आई असती तर तीही नाचली असती," ते म्हणाले. त्या दिवशी मात्र कुणाच्या बुटाच्या नाडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

मग एके दिवशी त्यांच्या मामांचा फोन आला. मामा म्हणजे सगळ्या कुळाचे प्रमुख, त्यांचा शब्द शेवटचा. शवागार भरलं होतं आणि आपापली माणसं घेऊन जा, असा निरोप घरोघरी गेला होता. डिसेंबर विसरा, आता पुरावंच लागेल. पंचवीस माणसांत. आणि विमानं दोन्हीकडची बंद. म्हणजे एकुलता एक मुलगा गुदैबियात आणि आई तिकडे मातीत.

त्यानंतरचे दिवस खालच्या घरात रोज सभा भरायची. मामा मोठ्याने बोलायचे आणि क्वाबेनासाहेब फोन लांब धरून ऐकायचे, त्यामुळे आमच्या कानावर सगळं पडायचं. भाषा कळत नसली तरी दुसऱ्या दिवशी जिन्यात ते सगळं सांगायचे. मामांचं म्हणणं, पेटी उचलणारे सहा धरायचे नाहीत, ते कामगार आहेत. बँडवाले धरायचे नाहीत. पाद्री तर देवाचा माणूस, तो कसा धरणार? संदेश ऐकून म्हणाला, "आमच्याकडे लग्नात केटरिंगवाले असेच सुटतत." पण क्वाबेनासाहेब हटेनात. पाद्री, पेटीवाले, खड्डा खणणारे, सगळे धरा. उरलेल्या जागांवर मावश्या, आत्या, चुलते यांची अशी झुंबड उडाली की त्या देशात माणसं घरात बसली आहेत यावर माझा विश्वास बसेना. आणि एवढ्यात क्वाबेनासाहेबांनी एक जागा स्वतःसाठी मागितली.

मामा फोनवर ओरडले, "तू बहारीनमध्ये आहेस!"

"मी फोनवर असेन."

"फोनवरचा माणूस जागा घेत नाही," मामा म्हणाले. "त्या जागेवर तुझी एक मावशी बसेल."

क्वाबेनासाहेब त्या संध्याकाळी बादलीपाशी उभे होते. मी कोफीला घेऊन खाली गेले होते. त्यांनी मला मामांचं म्हणणं सांगितलं. मला हसू आलं. मी म्हटलं, "अहो, हे तर तुमचंच बोलणं. बारशाला तुम्हीच ठरवलंत, आत्या धरायची नाही." म्हटलं खरं, आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. एवढा मोठा माणूस, साबणाची दोरी बोटाला गुंडाळत उभा होता.

"मी चुकीचं मोजलं का, अकोसुआ?" त्यांनी विचारलं.

मी विचार केला. दवाखान्यातली ती बाटलीला टेकवलेली आई मला दिसली. "हो, चुकीचं," मी म्हटलं. "याचं नाव कुणी ठेवलं? आत्याने. ती नसती तर बारसं झालंच नसतं. आणि हा झाला तेव्हा खोलीत कोण कोण होतं असं मला कुणी विचारलं, तर मी आईला पहिली मोजेन."

त्यांनी कोफीकडे पाहिलं. मग दोरी सोडून सरळ उभे राहिले. "ठीक," म्हणाले, "नियम दुरुस्त करतो." वर जाऊन त्यांनी मामांना फोन लावला आणि त्या आवाजात बोलले, ज्या आवाजात जीएमसाहेबांना खाली पाठवलं होतं. पंचविसातला एक मी. मावशीला सांगा.

पुरायचा दिवस शनिवारचा होता. घरात रेंज नीट मिळत नसे म्हणून त्यांनी गच्ची ठरवली. आम्हालाही बोलावलं, पण लांब, डिश अँटेनांपाशी उभं राहायचं आणि कॅमेऱ्यात यायचं नाही, कारण आम्ही आलो तर तिकडचा हिशोब चुकेल. ते आले ते काळं-पांढरं कापड खांद्यावरून घेऊन. एरवी इस्त्रीच्या शर्टात पाहिलेला माणूस त्या कापडात एखाद्या गावचा पाटील दिसत होता. पाण्याच्या टाकीवर वीट ठेवून त्यांनी फोन तिला टेकवला. पडद्यावर लाल माती, निलगिरीसारखी उंच झाडं आणि तोंडाला कापड बांधलेली माणसं दिसत होती. कुणीतरी भाचा फोन धरून फिरत होता.

क्वाबेनासाहेबांनी छातीवर हात ठेवला. एक. मग बोटाने पडद्यावरची माणसं. पेटीवाले, पाद्री, मामा. मामा तोंड फिरवून उभे होते. शेवटी बोट थांबलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. छाती, पेटीवाले, पाद्री.

"सव्वीस," ते म्हणाले.

तिकडे एकच गडबड उडाली. पाद्रीबोवांनी हातातलं पुस्तक मिटलं. मामा म्हणाले, हे आम्हाला नंतर कळलं, कुठे सव्वीस, सावलीला मोजतोस तू. भाच्याने फोन फिरवला, तेव्हा फुलांच्या मोठ्या चक्राच्या मागे एक छत्री दिसली. उन्हाने विटलेली, बाजारातली मोठी छत्री. तिच्याखाली एक वाळकी म्हातारी, खाली मान घालून. तिला क्वाबेनासाहेब लहानपणापासून ओळखत होते. टोमॅटोवाली.

मावश्या तिच्यावर तुटून पडल्या. जायला सांगत असाव्यात, भाषा कळत नसली तरी हात कळत होते. म्हातारी हलली नाही. तिने छत्री दोन पावलं पुढे आणली आणि पेटीवर धरली. त्या पेटीवर सावली पडली.

क्वाबेनासाहेब बघत राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "आईने बजावलं होतं, तिला येऊ देऊ नका. म्हणजे ती येणार हे आईला ठाऊकच होतं." त्यांनी फोनजवळ तोंड नेऊन मामांना काहीतरी सांगितलं आणि टाकीपासून मागे सरकायला लागले.

संदेशला राहवेना. नियम मोडून त्याने लांबून हाक मारली, "सर, अभी फोनवाला मत गिनो ना! पहले बोला था ना आपने, फोनवाला नहीं गिनते. गिनो मत, देखो."

"एकदा दुरुस्त केला की केला, क्वाकू," ते म्हणाले.

आणि ते बाहेर गेले. गच्चीला बाहेर म्हणजे कुठे, तर जिन्याच्या खोलीच्या भिंतीपर्यंत. तिथून पडदा दिसत नव्हता. भिंतीला टेकून उभे राहिले, बारशाला चपलांच्या स्टँडशी उभे होते तसेच. टाकीवर फोन एकटा चालू होता आणि त्यातून गाण्याचा आवाज यायला लागला. खूप माणसांचं गाणं वाटत होतं, पण होती पंचवीसच. क्वाबेनासाहेबांनी आधी हळूच टाळी धरली. मग त्यांचे पाय हलायला लागले. लखलखीत बुटांत, काळ्या-पांढऱ्या कापडात, सावकाश, जराही घाई न करता ते तिथल्या तिथे नाचत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कोफीला घट्ट धरलं. मला माझ्या आईची इतकी आठवण आली की मीही रडले. संदेश अँटेनेच्या वायरी तपासत असल्याचं नाटक करत होता.

नंतर विमानं सुरू झाली. साइटचं काम संपलं होतं आणि कंपनीने बऱ्याच जणांचे व्हिसा पुढे वाढवले नाहीत, त्यात क्वाबेनासाहेबही होते. त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. त्यांना मोठी मयत करायची होती, सगळ्या कुमासीची, पोस्टरांची, दोन बँडांची. त्यासाठीच जायचं होतं.

निघायच्या दिवशी दोन्ही हातांत बॅगा घेऊन ते जिना उतरायला लागले. आणि चक्क भरभर उतरत होते. मी कोफीला घेऊन वरून बघत होते. मी ओरडले, "सर, हात!"

ते थांबले. एक बॅग पायरीवर ठेवली आणि कठडा धरला. आता ती बॅग कशी न्यायची हा प्रश्न आला. शेवटी संदेश धावत गेला आणि साहेबांनी त्यालाही आधी कठडा धरायला लावलं. वळणावर त्यांनी मान वर करून आपली चुटकी वाजवली आणि वाट बघत राहिले. मी माझी वाजवली. कोफ्याची त्याच्या बोटांनी मीच वाजवली.

बाल्कनीतून खाली पाहिलं तर टॅक्सीची डिकी उघडी होती आणि ते सामान मोजत होते. ड्रायव्हर चला चला म्हणून "यल्ला, यल्ला" करत होता. क्वाबेनासाहेबांनी त्याला हाताने थांबवलं, तोच हात आधी स्वतःच्या छातीवर ठेवला आणि मग बॅगांकडे वळले.